विजयदुर्ग, हेलियम आणि तुमचे बाकीचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच प्रकारचे होते, "व्हॉट्सअॅपवर असं असं आलंय, खरं आहे का?" आणि गंमत म्हणजे नुसतं हो किंवा नुसतं नाही असं उत्तर फारच थोड्यांना देता येतं, कारण बहुतेक मेसेज अर्धे खरे असतात आणि फॉरवर्ड होता होता जो भाग गळून पडतो ना, तोच जास्त भारी असतो. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीये, त्याला ती हवीच होती.

देवगडहून एक वाचक: ताई, दर वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे मेसेज फिरतो की 18 ऑगस्ट 1868 ला विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" पण दाखवतात. मुलगा म्हणतो पुस्तकात गुंटूर लिहिलंय. आम्ही कुणाचं खरं धरायचं?

मुलाचं. पण तुमचे ओटेही खोटे नाहीत, फक्त तारखेत तीस वर्षांची गल्लत झालीये.

आधी 1868 चं बघू. 18 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याचा पट्टा खरंच आपल्या कोकणातून, दख्खनवरून पुढे गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेला होता. जगभरातून लोक ते बघायला आले कारण त्या काळात स्पेक्ट्रोस्कोप हे यंत्र नवं नवं होतं, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यातल्या रेषांवरून तो कुठल्या पदार्थातून आलाय हे ओळखायचं, आणि ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या नेमक्या कशाच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला बसले होते. तिथेच ब्रिटिशांची टेनंट यांची तुकडी होती, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होते, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन. आता तुम्ही कोकणातले आहात, तुम्हाला सांगायला नको, ऑगस्टच्या मध्यावर देवगडच्या किनाऱ्यावर आभाळ कसं असतं. त्या मोसमात सूर्य बघायचा म्हटल्यावर घाटाच्या पूर्वेला जाणं हेच शहाणपण होतं.

तर जान्सेननी ग्रहणात बघितलं की ज्वाळांमधून चकचकीत रेषा येताहेत, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या आहेत, मुख्यतः हायड्रोजनच्या. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्यांना वाटलं, या तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र लावलं आणि खरंच दिसल्या! माझ्या मते त्या ग्रहणातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, कारण तोपर्यंत सूर्याच्या ज्वाळा बघायला वर्षानुवर्षं ग्रहणाची वाट बघावी लागायची आणि तीही काही मिनिटांसाठी.

आता लॉकियर. ते त्या वेळी भारतात नव्हतेच. लंडनला सरकारी ऑफिसात क्लार्कची नोकरी करायचे आणि खगोलशास्त्राचा नाद होता. ग्रहणाशिवाय ज्वाळा बघता येतील ही कल्पना त्यांनाही आधीपासून सुचलेली होती पण यंत्र तयार होऊन यायला उशीर झाला, शेवटी 20 ऑक्टोबर 1868 ला इंग्लंडमधूनच त्यांना त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली, एक भारतातून लांबचा प्रवास करून आणि एक इंग्लंडहून. श्रेय दोघांनाही दिलं गेलं आणि पुढे 1872 मध्ये फ्रेंच सरकारने एक पदक काढलं ज्यावर दोघांचेही चेहरे आहेत.

मग हेलियम कुठे आलं यात? ग्रहणात बऱ्याच जणांना एक पिवळी रेषा दिसली होती पण ती सोडियमची असं धरून बहुतेक जण पुढे गेले. सोडियमच्या पिवळ्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला (प्रकाशाच्या लहरींची लांबी मोजायचं एकक) येतात, ही रेषा होती 587.6 ला, अगदी शेजारी. फरक एवढासा असल्यामुळे घाईत कुणाच्या लक्षात येणं अवघड होतं. लॉकियर यांना मात्र ग्रहणाची घाई नव्हती, ते रोज बघू शकत होते. त्यांनी ती रेषा नीट मोजली, मग एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाला, तापमानाला तापवून बघितला, पण ही रेषा काही निघेना. तेव्हा हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ असावा असं ते म्हणायला लागले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. बरेच जण पटवून घ्यायला तयार नव्हते. 1895 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी लंडनमध्ये युरेनियमचं एक खनिज आम्लात टाकून त्यातून निघालेला वायू तपासला तर तीच पिवळी रेषा! म्हणजे एक मूलद्रव्य आधी 15 कोटी किलोमीटरवरच्या सूर्यात सापडलं आणि 27 वर्षांनी आपल्या पायाखालच्या दगडात.

आता ओटे. 22 जानेवारी 1898 ला पुन्हा एक खग्रास ग्रहण कोकणातून गेलं, या वेळी कोरड्या मोसमात, स्वच्छ आभाळ. त्यासाठी लॉकियर, तोवर 'सर' झालेले आणि साठी ओलांडलेले, विजयदुर्गला आले, किल्ल्यावर तळ ठोकला, दुर्बिणी कॅमेरे मांडले आणि मेल्पोमीनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून एवढ्या सगळ्या यंत्रांवर काम करून घेतलं. या सगळ्याचा रीतसर छापील अहवाल आहे. यंत्रं हलू नयेत म्हणून पक्के ओटे बांधणं हे या कॅम्पला बरोब्बर जुळतं. म्हणजे हेलियमला नाव देणारा माणूस तुमच्या किल्ल्यावर खरंच आला, राहिला, तिथून सूर्य बघितला. ही गोष्ट मुलांना सांगायला काय कमी आहे हो? उलट मला तर हीच जास्त आवडते.

आणि याच ग्रहणातलं अजून एक नाव जे मराठी मुलांना माहीत असायलाच पाहिजे, कावसजी दादाभाई नेगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) प्राध्यापक, तिथली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनी उभी केली, तिच्यात 20 इंची दुर्बीण होती, त्या वेळची भारतातली सगळ्यात मोठी. 1898 ला ते आपली तुकडी घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले आणि ग्रहणाचे फोटो, वर्णपट (म्हणजे वेगळे केलेले प्रकाशाचे रंग आणि रेषा) घेतले, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच उतरले होते. नंतर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. दर 18 ऑगस्टला विजयदुर्गावर जो कार्यक्रम होतो तो व्हावाच, जोरात व्हावा, फक्त त्यात गुंटूरचे जान्सेन आणि जेऊरचे नेगमवाला यांचंही नाव घेतलं जावं असं मला फार मनापासून वाटतं.

दहावीतली विद्यार्थिनी, परभणी: मॅडम, शून्य सावली दिवस म्हणजे सावली गायब होते ना? मग रोज दुपारी 12 ला सूर्य डोक्यावर असतो तेव्हा का होत नाही?

कारण रोज दुपारी 12 ला सूर्य डोक्यावर नसतो, यातलं "रोज" पण चूक आणि "12 ला" पण चूक!

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून वर्षभरात सूर्य उत्तरेला साडेतेवीस अंशापर्यंत येतो आणि परत दक्षिणेला जातो. तुमच्या गावाचा जो अक्षांश आहे बरोब्बर त्यावर सूर्य ज्या दिवशी येतो त्याच दिवशी तो थेट डोक्यावर असतो, येताना एकदा आणि जाताना एकदा, म्हणजे वर्षातून दोनच दिवस. मे महिन्यात हा सोहळा महाराष्ट्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो, गोव्यात महिन्याच्या अगदी सुरुवातीला, कोल्हापूरला साधारण 6 मे, सोलापूर 10-11, पुणे 13-14, मुंबई 15-16, आणि नागपूरला 26 च्या आसपास. परतीच्या वेळी जुलै-ऑगस्ट असतो म्हणून ढगांमुळे आपला तो दिवस बहुतेक वेळा वाया जातो. आणि दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही, कारण दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांवर आहे, सूर्य तिथवर पोचतच नाही. तिथल्या तुझ्या भावंडांना हे विचारून बघ, बहुतेकांना पटणार नाही.

आता वेळ. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर. त्याच्या पश्चिमेला एकेका अंशामागे सूर्य 4 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यामुळे मे महिन्यात मुंबईत माध्यान्ह होते साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी आणि नागपूरला 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास. एकाच राज्यात 25 मिनिटांचा फरक!

सावली गायब होत नाही हे मात्र नीट लक्षात घे, ती वस्तूच्या बरोबर खाली जाते. म्हणून सरळ उभी पाइप, बाटली असं काहीतरी घे, वरती रुंद आणि खाली अरुंद असलेली वस्तू नको. परभणीला साधारण 17 मे धरून दोन दिवस आधीपासून रोज बघ, सावली आधी उत्तरेला पडताना दिसेल आणि नंतर दक्षिणेला. वर सूर्याकडे अजिबात बघू नकोस, सगळी मजा खाली जमिनीवर आहे.

नाशिकहून वाचक: शुक्रावर एक दिवस एका वर्षापेक्षा मोठा असतो असं वाचलं. शक्य आहे का?

अर्धं बरोबर. शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारायला आपले 243 दिवस घेतो आणि सूर्याभोवती फिरायला 225. पण तो उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत तिथे 117 दिवसच लागतात. दिवस म्हणजे फेरी धरली तर मेसेज खरा, सूर्योदय ते सूर्योदय धरला तर खोटा. सूर्य तिथे पश्चिमेला उगवतो, अर्थात त्या दाट ढगांखालून तो दिसणार नाहीच.

पिंपरीतले एक वडापाव विक्रेते: माझ्या गाडीवरचा क्यूआर कोड तेलाने डागाळलाय, एक कोपरा उचकटलाय, पावसाने भिजून फिकट झालाय, तरी लोकांचे फोन लगेच स्कॅन करतात. मागचा पोरगा म्हणतो इंटरनेटवरून ओळखतो. तसं आहे का?

तुमचा प्रश्न मला या महिन्यात सगळ्यात जास्त आवडला. इंटरनेटचा यात संबंध नाही हो, मोबाइल डेटा बंद करून स्कॅन केला तरी कोड वाचला जातो, नेट लागतं ते पुढे पैसे पाठवायला. खरी करामत त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच आहे.

क्यूआर कोड 1994 मध्ये जपानमध्ये डेन्सो या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने तयार केला. कारखान्यात पार्टच्या खोक्यांवर बारकोड लावायचे, एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकेका खोक्यावर बरेच बारकोड आणि कामगार स्कॅन करून करून वैतागलेले. शिवाय कारखान्यात तेलाचे, ग्रीसचे हात, म्हणजे कोड डागाळणारच हे पहिल्यापासून धरलेलं होतं. म्हणजे तुमच्या गाडीवरची परिस्थिती आणि त्या कारखान्यातली परिस्थिती तशी एकच.

आता डाग पडला तरी वाचता कसा येतो. त्यामागे रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये मांडलेली युक्ती आहे. समजा मला तुम्हाला दोन आकडे पाठवायचेत. मी त्या दोन आकड्यांवरून कागदावर एक सरळ रेषा आखते आणि त्या रेषेवरचे पाच बिंदू तुम्हाला पाठवते. वाटेत तीन बिंदू पुसले गेले तरी काय बिघडलं, उरलेल्या दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, ती तुम्ही आखा आणि माझे दोन्ही आकडे परत मिळवा. मुद्दाम जास्तीची माहिती भरून ठेवायची म्हणजे थोडी हरवली तरी गणिताने भरून काढता येते, हे त्याचं सार. क्यूआर कोडमध्ये रेषेऐवजी जास्त अवघड वक्र असतात पण तत्त्व तेच. किती जास्तीची भरायची याच्या चार पातळ्या आहेत, सगळ्यात खालच्या पातळीत साधारण 7 टक्के नुकसान चालतं आणि सगळ्यात वरच्या पातळीत 30 टक्के. मधोमध कंपनीचा लोगो छापतात ना, तो भाग खरं तर "खराब झालेला" म्हणूनच धरला जातो आणि तरी कोड चालतो.

पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन सांभाळा. कोड कुठे आहे, तिरका आहे की उलटा आहे हे फोन त्यांच्यावरून ओळखतो. त्यातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असतं, आणि ते उगाच निवडलेलं नाही, त्या टीमने ढीगभर छापील कागद, मासिकं, खोकी तपासून सगळ्यात कमी वेळा आढळणारं प्रमाण शोधून काढलं होतं म्हणजे फोनचा घोटाळा व्हायला नको. तुमचा उचकटलेला कोपरा यातला असेल तर आजच चिकटवा. कंपनीने पेटंट घेतलं पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून हा कोड जपानच्या कारखान्यातून निघून पिंपरीच्या गाडीपर्यंत आला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगते. रोज सकाळी गाडी लावताना स्वतःच्या फोनवरून एकदा कोड स्कॅन करून आपलंच नाव येतंय ना बघत जा. वरून दुसरा स्टिकर चिकटवून पैसे पळवणारे लोक आहेत. आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं तर तो चोर समजा.

फोंडा, गोवा येथून निवृत्त शिक्षक: व्हॉयेजर यानावर आमच्या केरीच्या केसरबाईंचं गाणं आहे आणि मराठीतून निरोपही आहे असं विद्यार्थ्यांना सांगत आलो. आताची मुलं म्हणतात फेक आहे. आपण छापून द्यावं ही विनंती.

छापून देते सर, अगदी आनंदाने. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या.

1977 मध्ये दूरच्या ग्रहांकडे जायला नासाची दोन व्हॉयेजर यानं सुटली, दुसऱ्या क्रमांकाचं 20 ऑगस्टला आधी आणि पहिल्या क्रमांकाचं 5 सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवलीये. काय काय ठेवायचं हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने ठरवलं, 115 चित्रं, पाऊस वारा पक्षी यांचे आवाज, 55 भाषांतल्या शुभेच्छा आणि जगभरातलं संगीत. त्या 55 भाषांत मराठी आहे, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगालीही आहेत. मराठी निरोप छोटासाच आहे, नमस्कार म्हणून पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा कळवलेल्या आहेत. आणि संगीतात भारताकडून जी एकच रचना घेतली ती केसरबाई केरकर यांची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. बाख, बीथोव्हेनच्या शेजारी ती आहे. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं मेहनत करून घडलेला तो आवाज, आणि बाई गेल्या 16 सप्टेंबर 1977 ला, म्हणजे पहिलं व्हॉयेजर सुटल्यावर अकराव्या दिवशी. हे लिहिताना मला भरून येतं, खोटं कशाला सांगू.

मुलांना अजून थोडं सांगा. पहिलं व्हॉयेजर आता आपल्यापासून सुमारे 2,500 कोटी किलोमीटरवर आहे, माणसाने बनवलेली एवढ्या लांब गेलेली दुसरी वस्तू नाही. प्रकाशाच्या वेगाने निघालेला त्याचा सिग्नल इथे पोचायला जवळजवळ अख्खा एक दिवस लागतो. ट्रान्समीटरची ताकद वीस-बावीस वॉट, घरातला बल्ब घ्या तसा, आणि मेमरी 70 किलोबाइटच्याही आत, तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ते अचानक निरर्थक आकडे पाठवायला लागलं. इंजिनिअरांनी शोधून काढलं की मेमरीतली एक चिप मेलीये, मग त्या चिपमधला प्रोग्राम तुकडे करून मेमरीत जिथे जिथे फट मिळाली तिथे बसवला, प्रत्येक कमांड जायला एक दिवस आणि उत्तर यायला एक दिवस, आणि एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा नीट बोलायला लागलं! सेहेचाळीस वर्षं जुनं मशीन, हात लावायची सोय नाही, आणि दुरुस्ती केली. कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी हा किस्सा एकदा मुळापासून वाचावा.

आणि वरच्या वडापावच्या गाडीवाल्यांनी हेही वाचा, युरेनस आणि नेपच्यूनचे फोटो व्हॉयेजरने पाठवले ते त्याच रीड-सॉलोमन युक्तीने, म्हणजे वाटेत सिग्नलचे तुकडे हरवले तरी इथे भरून काढता यावेत म्हणून. तुमच्या डागाळलेल्या कोडमध्ये आणि नेपच्यूनच्या फोटोत एकच गणित आहे.

साताऱ्याहून वाचक: बरणीतला मध खाली गोठलाय, साखरेसारखे कण दिसतात. भेसळ आहे का? आणि मध खरंच कधी खराब होत नाही का?

गोठला म्हणून भेसळ नाही. मधात ग्लुकोज भरपूर असतं, त्याचे स्फटिक होतात, कुठल्या फुलांचा मध आहे आणि थंडी किती यावर लवकर की उशिरा ते ठरतं. बरणी कोमट पाण्यात ठेवा, परत पातळ होईल, थेट गॅसवर नको. पाण्यात थेंब टाकून, काडी पेटवून बघायच्या घरगुती टेस्टचा भेसळ ओळखायला उपयोग नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. खराब का होत नाही तर त्यात पाणी जेमतेम 17-18 टक्के असतं आणि तो आम्लधर्मी असतो, जंतूंना त्यात वाढताच येत नाही. झाकण उघडं राहून ओल धरली तर मात्र आंबतो. आणि हे कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. जंतू वाढत नसले तरी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू (म्हणजे त्यांचं सुप्त, टणक रूप) मधात जिवंत राहू शकतात, मोठ्यांना त्याने काही होत नाही पण तान्ह्या बाळाच्या पोटात ते रुजून जिवावर बेतू शकतं. बारशाला, पाचवीला हौसेने मध लावणाऱ्या आजी-आत्यांना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा.

न्यू जर्सीहून, मूळच्या चिपळूणच्या वाचक: लहानपणी पाऊस संपता संपता शेतावर चतुरांचे थवेच्या थवे यायचे आणि काही दिवसांत गायब व्हायचे. इथे मुलीला सांगितलं तर ती विचारते, जायचे कुठे? मला सांगता आलं नाही.

तिला सांगा, बरेचसे आफ्रिकेला. खरंच.

तुम्ही बघितलेले ते बहुधा पँटाला फ्लॅवेसेन्स या जातीचे चतुर असणार, पिवळसर सोनेरी अंग, लांबी पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर, वजन ग्रॅमच्या एक-तृतीयांशाएवढं आणि सहसा बसतच नाहीत, सतत हवेत. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत त्यांची अंडी, तिथेच पिल्लं वाढतात आणि दीड-दोन महिन्यांत चतुर होऊन बाहेर पडतात कारण डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असतं.

हे कोडं मालदीवमध्ये सुटायला लागलं. तिथे चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ राहायचे, त्यांच्या लक्षात आलं की दर वर्षी ऑक्टोबरमध्ये बेटांवर लाखो चतुर येतात. आता मालदीवमध्ये नद्या नाहीत, तळी नाहीतच म्हणा, मग हे वाढले कुठे? त्यांनी वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवल्या, दक्षिण भारतात कधी दिसतात, मालदीवच्या उत्तरेला कधी, दक्षिणेला कधी, सेशेल्सला कधी, पूर्व आफ्रिकेत कधी. तारखा ओळीने पुढे पुढे सरकत गेलेल्या दिसल्या. 2009 मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन, एक हजार मीटरपेक्षाही उंचावरून भारतातून हिंदी महासागर ओलांडतात आणि बरोब्बर तिथला पाऊस सुरू होताना आफ्रिकेत पोचतात. नंतर मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनचे प्रकार तपासले गेले, कारण ज्या पाण्यात पिल्लू वाढतं त्याची खूण पंखात राहते, आणि ते पाणी बेटांवरचं नाही, खूप उत्तरेकडचं आहे असं निघालं.

परत येताना आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतात. पण जे गेले तेच परत येत नाहीत, ही पूर्ण फेरी चार-एक पिढ्यांत मिळून होते, सगळी मिळून 14 ते 18 हजार किलोमीटरची. वाट दाखवायला कुणी मोठं सोबत नसतं.

आणि त्यांच्याच वाटेने, त्याच दिवसांत अमूर ससाणाही जातो. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडमध्ये थांबतो, आपल्याकडे लोणावळ्यालाही पक्षी बघणाऱ्यांना दिसतो, आणि मग दीडशे ग्रॅमचा हा पक्षी अरबी समुद्र एका दमात पार करून आफ्रिकेत जातो. अँडरसन यांचा अंदाज असा की वाटेत तो हेच चतुर खात असणार, समुद्रावर दुसरं खायला आहे काय. नागालँडमध्ये 2012 पर्यंत हे ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून मारले जायचे, गावकऱ्यांनी ठरवलं आणि 2013 पासून ते थांबवलं, याबद्दल त्या गावांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

या जातीचे चतुर अमेरिकेतही असतात, त्यामुळे उन्हाळ्यात मुलीला तिथल्या एखाद्या मैदानावर घेऊन जा, बरीच शक्यता आहे की तिला दिसतील. आणि इथल्या वाचकांनी येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थवे दिसले तर गाव, तारीख, वेळ, वारा कुठून कुठे वाहत होता आणि चतुर कुठल्या दिशेने जात होते एवढं लिहून आम्हाला पाठवा, जिल्ह्यांप्रमाणे लावून दिवाळीनंतरच्या अंकात छापू.